उजव्या बाजूची चाकं

"सेन्सर-बिन्सर नकोत मला," इंगेगेर्ड म्हणाली. "साधी लोखंडी चाकं दे, त्यावर खिळ्यांचे टायर चढव आणि मोकळं कर."

बोर्येने हात पुसत पुसत तिच्याकडे पाहिलं. येम्टलंड प्रांताच्या त्या कोपऱ्यात हिवाळ्याचे टायर घालायला सगळे त्याच्याकडेच येत, आणि नोव्हेंबरात रस्ते पहिल्यांदा गोठले की त्याच्या दारात गाड्यांची रांग लागे.

"काकू, तुमच्या गाडीच्या प्रत्येक चाकात सेन्सर लागतो. हवा उतरली की तोच गाडीला कळवतो. तो नसेल तर समोरचा पिवळा दिवा हिवाळाभर पेटलेला राहणार. आणि तपासणीत गाडी नापास."

"मग दिव्यावर चिकटपट्टी लाव."

बोर्ये हसला. काउंटरपाशी उभ्या असलेल्या उल्रिकाला मात्र हसू आलं नाही. ती इंगेगेर्डची एकुलती मुलगी, गोथेनबर्गहून आठवड्याभरासाठी आली होती. तिला आठवत होती ती आई अशी नव्हतीच. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला तरी ती आई मैलभर चालत जाई, पण गाडीला हात लावत नसे.

"आई, सेन्सर का नकोत तुला?"

"चहाडखोर मेले. उठसूट दिवा लावतात. थंडी पडली, लाव दिवा. खड्ड्यात गेलं, लाव दिवा. उन्हाळ्यापासून वैताग आणलाय नुसता."

"उन्हाळ्यापासून? कितीदा लागला?"

"मोजत बसले होते का मी? पंपावर जायचं, हवा भरायची, पुढे निघायचं."

हे बोलताना ती उल्रिकाकडे बघत नव्हती. भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघत होती.

बोर्येने दोन-तीन टायर काढून समोर ठेवले. बिनखिळ्यांचे मऊ रबरी टायर शहरात चांगले, आवाज कमी. पण तळ्याकाठच्या वळणांवर रस्ता काचेसारखा होतो, तिथे खिळेच हवेत, असं त्याचं म्हणणं. दर हंगामात त्याच चाकांवरचे टायर काढा-घाला करण्यापेक्षा हिवाळ्याचा वेगळा संच ठेवलेला बरा. सेन्सर मात्र घ्यावेत, त्यांची गाडीशी ओळख तो तिथल्या तिथे करून देईल. इंगेगेर्ड मान हलवत होती, पण तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. साडेअकरा वाजत आले होते.

बारा वाजता तिला नवऱ्याकडे पोचायचं होतं. हेल्मरला गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून तो इथेच, तालुक्याच्या गावातल्या शुश्रूषागृहात होता. दुपारचं जेवण तो फक्त बायकोच्या हातून घेई. नर्सने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करी. म्हणून इंगेगेर्ड रोज चाळीस किलोमीटर येई आणि चाळीस किलोमीटर परत जाई. बर्फ असो, पाऊस असो.

"तू जा त्याच्याकडे," ती उल्रिकाला म्हणाली. "मी थांबते इथे."

"तूच जा ना. तुझ्याशिवाय कुठे जेवतात बाबा? गाडीचं मी बघते."

इंगेगेर्डने किल्ली मुठीत घट्ट धरली. तेवढ्यात बोर्येने हात पुढे केला, तशी तिने नाइलाजाने किल्ली त्याला दिली आणि ती शुश्रूषागृहाकडे चालत निघाली. दारातून बाहेर पडताना तिचा उजवा खांदा चौकटीवर आपटला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

गाडी वर उचलली गेली. बोर्येने पुढचं उजवं चाक काढलं, फिरवलं आणि थांबला. टायरच्या कडेला अंड्याएवढा फुगा आला होता. त्याने मागचं उजवं चाक काढलं. त्याच्या रिमची कड उंदराने कुरतडावी तशी झाली होती.

"दगडावर गेली असेल," उल्रिका म्हणाली.

"एकदा गेली असती तर तसं म्हणालो असतो." त्याने डावीकडची चाकं काढून शेजारी ठेवली. "ही बघ. नखाएवढा ओरखडा नाही."

उल्रिका खाली वाकून चाकांवरून हात फिरवत राहिली. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे उजवी बाजू ही रस्त्याची कड. कडेला दगड असतात, बर्फात रस्त्याची हद्द दाखवणारे खांब असतात, टपालपेट्या असतात. माणसं असतात.

"हा फुगा वाटेत फुटला असता तर?"

"मग तू इथे टायर निवडत नसतीस," तो म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, "कोणते घालू?"

तिने सगळ्यात चांगले निवडले. खिळ्यांचे टायर, नवी चाकं, चारही सेन्सर. बोर्ये एकेका चाकाची गाडीशी ओळख करून देत होता, तेव्हा ती मनाला समजावत होती की आईने गाडी सोडली तर बाबा जेवणार नाहीत. आणि आई त्या घरात एकटी भिंतींशी बोलत बसेल. आपण तर आठवड्याने परत जाणार. चांगले टायर आहेत, धोका असला तर दिवा लागेल. आणखी काय करता येतं माणसाला?

दोन वाजता इंगेगेर्ड परत आली, गालाला बटाट्याचा लगदा लागलेला. "सगळं खाल्लं," ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"मी चालवते, आई."

"माझी गाडी आहे."

"तू दमलीयस."

"बाहेरून येऊन मला दमवू नकोस म्हणजे झालं. बस."

बोर्ये दुसऱ्या गाडीखाली शिरला. स्टिअरिंग डावीकडे होतं; उल्रिका आईशेजारी उजवीकडच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला.

गावाबाहेर पडल्यावर उजेड झपाट्याने उतरला. डावीकडे तळं गोठायला लागलं होतं, उजवीकडे फरची झाडं आणि मध्ये राखाडी रस्ता. नवे खिळे डांबरावर कडकड वाजत होते. इंगेगेर्ड ताठ बसून चालवत होती, वेगही बेताचाच. उल्रिकाचे डोळे मात्र उजव्या कडेवरून हलत नव्हते. एक खांब गेला, हातभर अंतरावरून. दुसरा गेला, वीतभर अंतरावरून. तिने पाय गाडीच्या तळावर रोवले.

"थोडी डावीकडे घे."

"समोरून लाकडाचा ट्रक आला म्हणजे? तुला माहितीये ना इथले ट्रक?"

"आई, तो खांब..."

"दिसतात मला खांब. पन्नास वर्षं बघतेय ते."

तळ्याचं मोठं वळण आलं. वळणापलीकडे रस्त्याच्या कडेने कुणीतरी बर्फावरची ढकलगाडी पायाने रेटत चाललं होतं. अंगात चमकतं पिवळं जाकीट, दिव्याच्या झोतात निखाऱ्यासारखं पेटलेलं. ते न दिसणं शक्यच नव्हतं. उल्रिका आईने वेग कमी करण्याची वाट बघत राहिली. वेग कमी झाला नाही. गाडी कडेकडे सरकत होती, थेट त्या जाकिटाच्या रोखाने, आणि आई शांतपणे समोर बघत होती.

"आई! थांब! माणूस!"

इंगेगेर्डने ब्रेकवर सगळा भार टाकला. खिळे बर्फात रुतले, गाडी थरथरली, शेपूट जराशी वळली आणि ती थांबली. ढकलगाडीपासून दोन हातांवर.

इंजिन चालू होतं. पिवळं जाकीट वळलं, वाकून उजव्या काचेवर टकटक केली. शेजारची अल्विना होती, नुकतीच पोस्टातून निवृत्त झालेली, गाल थंडीने लाल झालेले.

"नवे टायर वाटतं! लांबूनच आवाज आला, म्हटलं आता इंगेगेर्ड मला घरी सोडणार. पण ढकलगाडी कुठे घालाल? जा तुम्ही, मी येते चालत." आणि ती हात हलवत पुढे निघाली.

इंगेगेर्डने मान अगदी उजवीकडे वळवली. मग आणखी वळवली, तेव्हा कुठे तिला ते जाकीट दिसलं.

"कुठे होती ही?" तिने हळूच विचारलं.

"समोर, आई. पूर्ण वेळ समोरच होती."

इंगेगेर्डने हात स्टिअरिंगवरून काढले. तिने ते मांडीखाली दाबून धरले.

"दुकानात चाकं बघितलीस ना तू?"

"हो."

"मग मला किल्ली का घेऊ दिलीस?"

उल्रिकाला उत्तर फिरवता आलं असतं. तिने फिरवलं नाही. "बाबा जेवणार नाहीत म्हणून. आणि मला परत जायचं होतं म्हणून."

"मीही रोज तेच म्हणायचे. आजचा दिवस, त्याला जेवू घालते, मग बघू." तिने इंजिन बंद केलं. "जुलैत लिंडबर्गांची टपालपेटी मीच पाडली. कुणाला बोलले नाही. ती पेटी होती म्हणून बरं."

मग ती दार उघडून उतरली, गाडीला हात लावत लावत पुढून फिरून आली आणि उजवीकडच्या दाराशी उभी राहिली. उल्रिका आतल्या आतच पलीकडे सरकली.

डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती, डाव्या डोळ्याची नजरही कडेने खाल्ली जात होती. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं थेंबांवर टिकेल अशी आशा होती. गाडी चालवणं बंद. इंगेगेर्डने फक्त एवढंच विचारलं की थेंब जेवणाआधी घालायचे की नंतर.

उल्रिकाने रजा वाढवली आणि नाताळपर्यंत रोज आईला घेऊन गेली. पुढे काय, यावर रोज भांडण होई. एकदा बर्फाच्या वादळात रस्ता दोन दिवस बंद झाला. तिसऱ्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा एक तरुण नर्स हेल्मरला खीर भरवत होती आणि तो मुकाट्याने गिळत होता. उल्रिकाचा जीव भांड्यात पडला. इंगेगेर्ड दारातच थिजली.

"मेल्याला माझ्याशिवाय चालतं तर," ती परतीच्या वाटेवर म्हणाली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मात्र तिने स्वतःच अल्विनाला बोलावून घेतलं. मंगळवार आणि शुक्रवार अल्विना गाडी चालवेल, एरवी नर्स भरवेल, असं ठरलं. अल्विना वळणांवर फार हळू चालवते अशी इंगेगेर्डची तक्रार, आणि इंगेगेर्ड शेजारी बसून डोकं खाते अशी अल्विनाची.

जानेवारीत उल्रिका गोथेनबर्गला निघाली. अल्विनाच्या हातात स्टिअरिंग, इंगेगेर्ड शेजारी, उल्रिका मागे सामानाजवळ. स्टेशनवर आगगाडी येईपर्यंत तिघी थंडीत पाय आपटत उभ्या होत्या.

"शुश्रूषागृहामागे एक खोली रिकामी होतेय," इंगेगेर्ड एकदम म्हणाली. "चालत जाता येईल. घराचं काय करायचं ते उन्हाळ्यात येऊन बघ."

"आई, खरंच?"

"अजून विचार चाललाय. रडू नकोस इथे, डोळ्यातलं पाणी गोठेल."

आगगाडी आली. उल्रिका चढली आणि खिडकीशी उभी राहिली. फलाटावर इंगेगेर्ड मान पूर्ण वळवून एकेक डबा शोधत होती. अल्विनाने तिचा दंड धरून तिला बरोबर वळवलं, तेव्हा तिला मुलगी दिसली आणि तिने हात वर केला.