लाल स्टिकरमागचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणजे किती? चार्जरची वायर तिरकी करून तिच्यावर पोळपाट ठेवल्याशिवाय मला घास जात नाही, इतका! पण नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! नवनाथरावांनी दिवाळीच्या बोनसमधून मला आणलं, तेव्हा मोशीतल्या त्यांच्या खोलीत शेजारच्या शालनबाई खास फोटो काढून घ्यायला आल्या होत्या. तेही नवी साडी नेसून!

पुढे नवनाथराव चाकणच्या एका कंपनीत लागले. तिथे आत फोटो काढायला बंदी. म्हणून पहिल्याच दिवशी गेटवर माझ्या पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर चिकटवले गेले. "स्टिकर फाटला तर फोन जप्त," अशी तंबीही मिळाली. नवनाथराव पडले सरळ माणूस. त्यांनी ते स्टिकर घरीसुद्धा काढले नाहीत. झालं! माझे डोळेच मिटले.

कान मात्र शाबूत होते. पहिली शिफ्ट संपवून नवनाथराव घरी आले, की त्यांची दहावीतली मुलगी उत्कर्षा मला भिंतीला टेकवून विजयश्री मॅडमच्या ऑनलाइन वर्गात बसायची. इतरांना तिच्या जागी नुसती काळी चौकट दिसायची. मॅडम चऱ्होलीहून लेखन शिकवायच्या, कथेचा अर्थ कसा शोधायचा ते सांगायच्या. मला ते इतकं आवडायचं, की बॅटरी संपत आली तरी मी नेटाने तग धरायचो.

एकदा मॅडमनी एक कथा दिली. त्यातला म्हातारा रोज एसटीच्या थांब्यावर जातो आणि एकटाच परत येतो. सगळ्यांनी लिहिलं, तो मुलाची वाट बघतो. उत्कर्षाचा निबंध वेगळाच होता. तो वाचून मॅडम थबकल्या.

"उत्कर्षा, हा निबंध मला ऑनलाइन वाचनसभेसाठी निवडायचाय. पण खरं सांग, तूच लिहिलास ना? हल्ली फोनला विचारून लिहितात मुलं. जरा कॅमेरा सुरू कर आणि समजावून सांग."

"मॅडम, कॅमेरा चालत नाही."

"रोजच?"

"मॅडम, ती भूत आहे!" वर्गातला प्रीतम ओरडला. सगळे खो खो हसले.

 खरं सांगतो, मला स्वतःला फेकून द्यावंसं वाटलं. तेवढ्यात मागून नवनाथरावांचा आवाज आला.

"काढ ते स्टिकर."

"अन् उद्या गेटवर, पप्पा?"

"उद्याचं उद्या बघू. माझ्या पोरीला कुणी खोटं म्हणायचं न्हाई."

त्यांनी स्वतःच नखाने स्टिकर खरवडले. उजेड! पण काचेवर डिंक राहिलेला, त्यामुळे उत्कर्षा सगळ्यांना धुक्यातल्यासारखीच दिसली. ती बोलू लागली.

"मॅडम, कथेत गाडी वेळेवर आली, असं लिहिलंय. तरी म्हातारा घरी जाऊन बायकोला सांगतो, आज गाडीच आली नाही, पोरगा उद्या येईल. म्हणजे मुलगा येणार नाही, हे त्याला कळलंय. तिला कळू नये, म्हणून तो रोज जातो."



"उत्कर्षा, मी चुकले गं," मॅडम म्हणाल्या. "मी तुझा चेहरा मागत बसले. आधी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं. वाचनसभेत तूच वाचायचंस."

दुसऱ्या दिवशी नवनाथराव भीतभीतच गेटवर उभे राहिले. सिक्युरिटीवाले काका हसूच लागले. "अहो राव, गेटबाहेर पडलं की काढायचा असतो तो! आमच्याकडे स्टिकरची रिळंच्या रिळं पडलीत की!"

मित्रांनो, तुमच्याही वर्गात अशी एखादी काळी चौकट असेल. तिला भूत म्हणण्याआधी जरा बोलू द्या. आणि घरातल्या जुन्या मोबाइलची काच अधूनमधून पुसत जा. आम्हालाही आमची माणसं बघायची असतात.