गोधडीचं दुसरं टोक

नागरिकहो, जालना जिल्ह्याला समुद्र नाही. ही चूक निसर्गाची आहे, आणि निसर्गाच्या चुका दुरुस्त करण्यासाठीच नगरपंचायती असतात. हसनाबादच्या पुढच्या चिंचतळे गावाच्या नगरपंचायतीनं म्हणूनच ठराव केला, की गावच्या तळ्याला चौपाटी करायची. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही रुसलेल्या जावयासारखं, उंबऱ्यावरून तोंड दाखवून परत. पण त्याबद्दल ठराव कोण करणार? ते तर नेहमीचंच होतं.

ठराव झाला म्हटल्यावर अभ्यासदौरा आला. कोकणातल्या एका पर्यटनगावात समुद्रकिनाऱ्याचा पुनर्विकास झाला होता. तो पाहायला सुशोभीकरण समिती गेली. समितीनं सुरमईचा अभ्यास केला, गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटोंचा अभ्यास केला. खरंखुरं काम एकाच माणसानं केलं. ते म्हणजे तातेराव सर, निवृत्त चित्रकला शिक्षक. नव्या फरसबंद वाटेवर उभं राहून ते दिव्यांची, बाकांची, कठड्यांची रेखाटनं करत होते. कडेला सुक्या मासळीची टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. सरांनी आपुलकीनं विचारलं,

"मावशी, मासळी वाळवता कुठं?"

"तुम्ही उभे आहात ना भाऊ, तिथंच वाळवायचो."

"आणि आता?"

"आता तुम्ही उभे आहात."

सरांना हे उत्तर फार आवडलं. घरी आल्यावर त्यांनी ते विनोद म्हणून बायकोला, बेबीनंदाबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हसल्या नाहीत.

"मंग तुम्ही बाजूला सरकलात का न्हाई?"

सरांना वाटलं, हिला विनोद कळत नाही.

दोन महिन्यांत सरांनी चौपाटीचं भलंमोठं रंगीत चित्र तयार केलं. पूर्णा नदीची वाळू, सिमेंटची नारळाची झाडं, वाळूच्या मधोमध उडी मारणारा फायबरचा डॉल्फिन, आणि जहाजांना वाट दाखवायला एक दीपस्तंभ. काठावरून गॉगल लावलेली माणसं फिरत होती. नगरपंचायतीत लावण्याआधी सरांनी चित्र घरात भिंतीला टेकवलं. बेबीनंदाबाई पदराला हात पुसत बराच वेळ बघत राहिल्या.

"झकास हाय. पण याच्यात आमी कुठं हाव?"

"कोण तुम्ही?"

"धुण्याच्या दगडावरच्या बाया."

"अगं, ते दगड काढून डॉल्फिनभोवती गोल लावायचेत. काळाभोर दगड, उठून दिसेल."

"अन् घट बसायच्या आधी गोधड्या कुठं धुवायच्या? डॉल्फिनच्या पाठीवर?"

हा प्रश्न साधा नव्हता. घट बसण्याआधी घरातलं पांघरूण न् पांघरूण धुवून निघालं पाहिजे, ही आपल्याकडची रीत. बेबीनंदाबाईंच्या बौद्ध घरात घट बसत नसे. पण त्या म्हणायच्या, घट बसो न बसो, गोधड्या मळत्यातच, अन् धम्मचक्र दिनाला घर कसं लख्ख पाह्यजे. म्हणून भादव्याच्या शेवटी सगळ्या गावच्या बाया गोधड्यांच्या मोटा बांधून डोक्यावर घेऊन तळ्यावर जात. बेबीनंदाबाईंची जोडीदारीण वर्षानुवर्षं एकच, गल्लीतली दैवशाला. जात मराठ्याची, हात लोखंडाचा. घरचं धुवून ती चार मोठ्या घरांच्या गोधड्या मजुरीवर धुवायची. आणि जोडीदारीण लागतेच. कारण ओली गोधडी माणसाएवढी जड होते आणि एकटीच्यानं पिळत नाही. एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या.

"तुमाला आठवतं का न्हाई?" बेबीनंदाबाई म्हणाल्या. "तुमच्या मायला याच तळ्याच्या काठावर लांब उभं राहून पाणी मागावं लागायचं. कुणी वाढलं तर मिळायचं. तिथून आपण त्या दगडापर्यंत आलो. दैवशालेची गोधडी अन् माझी गोधडी एका पाण्यात. अन् आता तुमीच कुंपण घालून राह्यले, ते बी रंगीत पेन्सिलीनं!"

सर म्हणाले, "बैठकीत विषय काढतो."

त्यांनी काढलाही. समितीचे अध्यक्ष राधेश्यामजी, कापडाचे व्यापारी, मनानं वाईट माणूस नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, एकदम बराबर आहे. पण उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार. त्यांच्या फोटोत मागं गोधड्या वाळत घातलेल्या दिसाव्यात का? आपण बाद में बिलकुल बघू." सरांच्या मांडीवर शाल-श्रीफळाची पिशवी होती, चित्राबद्दल नुकताच सत्कार झाला होता. नारळ मांडीवर असताना माणसाला फार बोलता येत नाही.

तळ्याला जाळी आली. फाटकावर तिकीट आलं. पाटी आली, 'येथे कपडे धुण्यास मनाई आहे', आणि खाली बादलीच्या चित्रावर लाल फुली. फुली सरांनीच मारली होती. सुबक होती.

दैवशाला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, तुमचा मासा लई गोड हाय हो! पाण्याच्या बाहीर ऱ्हातो अन् तरी मरत न्हाई. आमालाबी शिकवा ती विद्या." सर हसले. ती मात्र पुढं म्हणाली, "यंदा खदानीवर जातो आमी. काय करता?"

गावाबाहेर दगडाची जुनी खदान होती. पावसानं भरलेली, कडा सरळ तुटलेल्या, पाणी हिरवंगार आणि खोल.

घटाच्या आदल्या दिवशी चौपाटीचं उद्घाटन होतं; अमावास्या खरी, पण पाहुण्यांना तीच तारीख मोकळी होती. कारंजं गाण्यावर नाचत होतं. पाहुण्यांनी दीपस्तंभाची फीत कापली. आणि त्याच वेळी खदानीवर दैवशालेनं गोधडी पाण्यात सोडली. गोधडी पाणी पीत गेली, जड होत गेली, आणि तिनं दैवशालेला ओढलं. हात सोडला असता तर ती वाचली असती. पण ती गोधडी तिच्या आईच्या लुगड्यांची होती. बेबीनंदाबाई आपली मोट उतरवून दुसरं टोक धरायला खाली येत होत्या. त्यांना पोचता आलं नाही.

पाण्यातून आधी गोधडी निघाली. बायांना वाटलं, तीच आहे. त्या धावल्या, आणि ती नुसती गोधडी होती.

रुग्णवाहिका गावात होती. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी चौपाटीवर उभी होती. पाहुणे गेल्यावर लगेच आली.

नगरपंचायतीत शोकसभा झाली. राधेश्यामजींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. ते म्हणाले, "आपण दैवशालाताईंना विसरायचं नाही. चौपाटीवर त्यांचा पुतळा बसवू. गोधडी धुणारी कष्टकरी माउली, फायबरमध्ये! सर, चित्र तुम्हीच काढा." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं सुचवलं, बाजूला माणूस उभा राहील एवढी जागा ठेवा, लोक फोटो काढतील.

सर घरी येऊन कागदासमोर बसले. वाकलेली पाठ काढली. खोचलेला पदर काढला. हात काढताना ते अडले. दैवशालेचे हात कसे होते, हे त्यांना आठवेना. इतकी वर्षं ती गल्लीत होती.

"अगं, तिचे हात कसे होते?"

बेबीनंदाबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी कागदाकडं पाहिलं.

"बाई जित्ती व्हती तवा चित्रात घ्या म्हणलं, तर तुमाला जागा न्हाई भेटली. आता मेल्यावर काढून राह्यले?" त्यांचा आवाज चढला नाही. "पुतळ्याला धुवायची परवानगी हाय, अन् बाईला न्हाई! पुतळा घाण करत न्हाई ना. पाणी मागत न्हाई. तुमाला चौपाटी सजवायला बाया लागत्यात, जित्त्या लागत न्हाईत! ती कोळीण काय म्हणाली व्हती तुमाला?"

सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. आता तुम्ही उभे आहात! महिनोन्‌महिने ज्यावर ते हसत आले होते, तो विनोद नव्हताच. त्या बाईनं त्यांना सरकायला सांगितलं होतं!

त्यांनी कागदाची घडी घातली. "तिची गोधडी कुठं आहे?"

"कोण आणतंय? खदानीच्या काठावर पडली हाय, चिखलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तातेराव सर खांद्यावर चिखलानं माखलेली गोधडी टाकून चौपाटीच्या फाटकावर उभे राहिले. मागं बेबीनंदाबाई. फाटकावर कल्याण होता, सरांचाच जुना विद्यार्थी. तो गडबडला.

"सर, धुणं मना हाय."

"पाटीवरची फुली कोणी मारली रे?"

"तुमीच मारली, सर."

"मग खोडायचा हक्क माझा. सरक."

कल्याण सरकला. बघता बघता बाया गोळा झाल्या. कुणीतरी फोन केला आणि राधेश्यामजी स्कूटरवर आले. "सर, हे काय? ठरावाविरुद्ध आहे! साबणाचं पाणी तळ्यात जाईल. लोक काय म्हणतील?"

"साबणाचं पाणी नालीनं बाहेर काढता येतं. डॉल्फिनच्या कारंज्याला नळ टाकले, तशी एक नाली टाका."

"आणि चौपाटीची शोभा?"

बेबीनंदाबाई पुढं झाल्या. "राधेश्यामजी, तुमच्या घरच्या गोधड्या यंदा कुणी धुतल्या?"

"धुतल्या असतील कुणीतरी."

"धुतल्या न्हाईत. त्या दिवशी खदानीवर दैवशालेच्या मोटेत दोन तुमच्याच घरच्या व्हत्या. आपली धुवून झाली की त्या धुणार व्हती. अजून तिथंच पडल्यात, कोरड्या."

राधेश्यामजी फाटकातून आत गेले. मग ते डॉल्फिनभोवतीच्या काळ्या दगडांपैकी एकावर हळूच बसले. दगड घासून घासून मधे खोलगट झाला होता. त्यावर हात फिरवून ते म्हणाले, "पुतळा नको. या कोपऱ्याची जाळी काढा. आणि हा दगड..." ते उठले. "हा जिथं होता तिथं न्या."

जाळी निघाली. नालीचं काम सुरू झालं. पण नागरिकहो, याला विजय म्हणू नका. ज्या कोपऱ्यासाठी एक शब्द पुरला असता, त्याची किंमत एका बाईनं दिली. गावं सुंदर जरूर करा. पण ज्या जागेवर उभं राहून नकाशा काढता, तिथं आधी कोण उभं होतं, ते विचारा. आणि विचारून थांबू नका, सरका! ज्या सुशोभीकरणात राबणाऱ्या माणसालाच जागा नाही, ते शोभेचं काम नव्हे. ती हकालपट्टी आहे, रंग लावलेली.

त्या सकाळी दगड परत काठावर गेला. बेबीनंदाबाईंनी दैवशालेची गोधडी त्यावर घासली, चिखल निघेपर्यंत. आतून लुगड्यांचे रंग वर आले, हिरवा, मग जांभळा. मग पिळायची वेळ झाली. एक टोक हातात घेऊन सवयीनं त्यांनी समोर पाहिलं. समोर कुणी नव्हतं.

तातेराव सर विजार वर सारून पाण्यात उतरले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. दोघं पिळू लागले. गोधडी नुसतीच गरगर फिरत राहिली. पाण्याचा थेंब सुटेना.

"तिकडं न्हाई," बेबीनंदाबाई म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. "मी फिरवते तसंच फिरवलं, तर पीळ कसा बसंल? उलटं फिरवा."

सरांनी उलटं फिरवलं. गोधडीला पीळ बसला, आणि आत मुरलेलं खदानीचं हिरवं पाणी धार धरून खाली गळू लागलं.