मोठा उजेड पाडलात

वायरमननं उभ्या जन्मात शेकडो घरांत दिवे लावले, पण बायकोच्या लेखी त्याची किंमत एका वाक्याची: "मोठा उजेड पाडलात!" नको ती भाजी आणली तरी तेच, पाहुण्यांसमोर भलतंच बोलला तरी तेच. निवृत्तीनंतर या दूरच्या, बारमाही उकाड्याच्या देशात राहायला यायचं त्यानं ठरवलं, तेव्हाही ती तेच म्हणाली.

त्याचं म्हणणं साधं होतं. तिकडे पेन्शन औषधपाण्यातच संपायची. इकडे तेवढ्यात अंगणासकट घर, दारात केळी आणि गुडघ्यांना थंडीचा जाच नाही. बायकोनं अट घातली. वर्षभर राहून बघायचं, तिचा जीव रमला नाही तर मुकाट्यानं गाशा गुंडाळायचा. त्यानं मान डोलावली खरी, पण तेव्हापासून तो तिच्याकडे चोरून बघायला लागला.

चेहऱ्यावरून काही कळत नसे. कळायचं ते हातावरून. जुन्या घरात दिव्याचं बटण दाराच्या डावीकडे होतं, इथे उजवीकडे. संध्याकाळी बाहेरून आली की तिचा हात डाव्या भिंतीवर चाचपडायचा आणि मग ती सुस्कारा टाकायची. तशी ती भाजीवालीशी खुशाल मराठीत भांडायची, ती बाई आपल्या भाषेत उलट बोलायची आणि दोघी हसत सुटायच्या. पण वायरमनच्या डोळ्यांत ते हसणं भरलंच नाही, भरली ती भिंत. धंद्याची खोड, दुसरं काय.

वर्ष सरत आलं आणि लेकीचं बाळंतपण आलं. जुन्या घरात आता लेक-जावई राहत होते, तिकडे बायको गेली. परत कधी येणार म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, बघू. पुढे लेकीनं फोनवर सांगितलं, की आई अजून थोडे दिवस राहीन म्हणतेय, तेव्हा साफ सांगायचं तर तो घाबरला. तिच्याशिवाय इथे राहणं त्याला जमणार नव्हतं, आणि हात हलवत परत जायची लाजही वाटत होती.

मग त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. घरमालकिणीला हातवारे करून विचारलं, ती हसून हो म्हणाली. शेवटी बायकोचा यायचा दिवस कळला, तेव्हा आदल्या दिवशी त्यानं छिन्नी-हातोडी घेतली, डावीकडची भिंत फोडली, वायर ओढली आणि थेट जुन्या घरातल्या उंचीवर बटण बसवलं. उजवीकडचं भोक बुजवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर रंगाचा हात दिला. दमट हवेत रंग काही वाळेना, पण काम झकास झालं होतं.

बायको आली ती दिवेलागणीला. तो बॅगांचं निमित्त करून मागेच थांबला. ती दार उघडून अंधारात शिरली आणि तिचा हात गेला उजवीकडे. जराही न अडखळता गेला, आणि ओल्या रंगात बरबटला.

"अहो, इथलं बटण कुठे गेलं?"

"डावीकडे घेतलं. तुझा हात तिकडे जातो ना, म्हणून."

"जायचा," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, "तिकडे सगळे दिवस मी उजवीकडेच चाचपडत होते. लेक म्हणाली, आई, आपलं घर विसरलीस का? म्हटलं, विसरले नाही गं. माझ्या घरी उजवीकडे आहे."

वायरमनची इतक्या दिवसांची भीती एकदम उतरली. अंधार होता ते बरं झालं. तिनं रंगाचा हात त्याच्याच सदऱ्याला पुसला.

"मोठा उजेड पाडलात. आता लावा तरी."

तो लगबगीनं पुढे झाला, त्यानं सवयीनं हात लांब केला आणि तोही उजवीकडच्या ओल्या रंगातच बरबटला.