कंडक्टरांच्या खोलीतली गोटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची गोटी आहे, आणि स्वस्थ बसणं मला जन्मापासून जमलेलं नाही. टेबलावर ठेवलं तर मी कडेपर्यंत जाऊन खाली डोकावते. खिशात टाकलं तर शिवण कुठे उसवली आहे ते शोधते. तुमच्यातल्याही काही जणांना घरी यावरून बोलणी खावी लागत असतील, म्हणून माझं दुःख तुम्हाला चटकन कळेल.

माझा जन्म भट्टीतला. काचेचा लालबुंद ओघळ खाली आला, कात्रीने त्याचा तुकडा पाडला आणि फिरत्या रुळांच्या खाचेतून मला घरंगळत पाठवलं. थंड होईपर्यंत तिथे कोणाला थांबू देत नाहीत, कारण थांबली ती गोटी चपटी होते. हा पहिला धडा मी जरा जास्तच मनावर घेतला. माझ्या पोटात हिरव्या रंगाचा एक पीळ आहे. तो कसा आला ते मला माहीत नाही, पण बरा दिसतो.

दुकानातल्या बरणीत असताना मला वाटायचं, एखादा मुलगा मला नेईल, मातीत खेळवेल आणि चार दिवसांत हरवून टाकेल. झालं वेगळंच. एक बाई आल्या आणि त्यांनी मूठभर गोट्या काउंटरच्या काचेवर एकेक करून सोडल्या. मित्रांनो, बहुतेक गोट्या दिसायलाच गोल असतात. कोणी डावीकडे वळल्या, कोणी अडखळल्या. मी सरळ गेले. "हीच," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

या बाई घरं तपासत. कोणाला घर विकत घ्यायचं असेल, कोणाच्या घरात ओल येत असेल, भिंतीला तडा गेला असेल, तर बाईंना बोलावणं यायचं. त्यांच्या बॅगेत टॉर्च, टेस्टर, छोटी हातोडी आणि टेप होता, आणि मी होते. माझं काम जमिनीचं. मला फरशीवर अलगद ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. मी थांबले तर जमीन सरळ. बाथरूममध्ये मात्र मी जाळीकडे धावायला हवं. एका घरात मी जाळीकडे पाठ फिरवून थेट दाराकडे निघाले. तेव्हा त्या घरच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना पाणी ढकलत न्यावं लागत नाही होय?" बिचाऱ्या लग्न होऊन आल्यापासून पाणी ढकलत होत्या.

किती घरं पाहिली म्हणून सांगू. ओलीच्या डागावर टांगलेलं कॅलेंडर मी पाहिलं आहे. गळक्या नळाखालचं पातेलं तर इतकं जुनं झालेलं पाहिलं की त्याला स्वतःची जागा मिळाली होती. ज्या बटणाला हात लावला की झटका बसतो, ते बटण घरातली सगळी माणसं लाकडी चमच्याने दाबत आणि पाहुण्यांनाही चमचा देत. बाई परतताना गाडीत स्वतःशीच बोलत, "बिघाड लहान असतो तेव्हा दुरुस्त करायचा आळस, आणि मोठा होईपर्यंत त्याची सवय." मला हे ऐकून उगाच बेचैन व्हायचं. आपण जिथून निघालो तिथे रात्री माणसं झोपणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नसे.

मग बाईंनी एक यंत्र घेतलं. ते भिंतीवर लाल रेघ मारतं आणि उतार किती आहे ते आकड्यात सांगतं. माझी रवानगी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात झाली. सोबतीला एक रबरबँड आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट. तुम्हीच सांगा, जिला कडेपर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नाही, तिने चेन लावलेल्या कप्प्यात काय करायचं? मी दिवसभर पाकिटाला धडका मारत बसायची. सुदैवाने ती चेन पुढे अर्धी तुटली आणि मला निदान बाहेरचं दिसायला लागलं.

त्या फटीतूनच मी कंडक्टरांची खोली पाहिली.

ते एक जुनं घर होतं. घरात मुलगी, जावई आणि मुलीचे वडील. वडील बस कंडक्टर होते आणि निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. त्यांची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खोलीचं दार अडकतं आणि ओल्या मातीचा वास येतो, एवढ्यासाठी बाईंना बोलावलं होतं. दाराशी एक भरलेली बॅग उभी होती. कंडक्टर येत्या आठवड्यात वृद्धाश्रमात जाणार होते, आणि ते गेले की खोली नीट करून घ्यायची असा बेत होता.

त्यांना पाठवायचं कारण असं, की खोलीत चालताना त्यांचा तोल जायचा. एकदा पडले, मग पुन्हा पडले. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले आणि शेवटी वयावर बोट ठेवलं. दोघंही दिवसभर कामावर, घरात लक्ष द्यायला कोणी नाही. कंडक्टरांचं आपलं एकच म्हणणं होतं, खोली कलली आहे. ते इतक्यांदा म्हणाले, की पुढे पुढे ते वाक्यच त्यांच्या आजाराचं लक्षण ठरलं.

"मॅडम, ते खोलीबद्दल काहीबाही सांगतील, मनावर घेऊ नका," जावई हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही तेवढं दार आणि वास बघा."

कंडक्टर पलंगावर बसले होते. त्यांना ऐकू आलं. "चालत्या बसमध्ये नोकरी केली मी," ते म्हणाले. "घाटात, वळणावर, कधी खांब धरून तिकीट फाडलं नाही. आयुष्यभर लोकांना 'पुढे चला' सांगत आलो, आता ही खोली मला पुढे ढकलते." मग म्हणाले, "हे सगळे म्हणतात मीच कललोय. असेन."

ते शेवटचं 'असेन' मला फार लागलं. मी कप्प्यात एक गिरकी घेतली.

बाईंनी यंत्र लावलं. भिंतीवर लाल रेघ उमटली, यंत्राने आकडा दाखवला, आणि बाईंच्या कपाळावर आठी पडली. जावई म्हणाला, जुन्या घरात एवढं तेवढं असायचंच. मुलीला आकड्यातलं काही कळलं नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्या खोलीभर फिरल्या, वाकल्या, गुडघ्यावर बसल्या आणि मग विचारायला लागल्या.

"हे दार खालून कोणी तासलंय?"

"मी," जावई म्हणाला. "घासत होतं. रंधा मारला. परत घासायला लागलं म्हणून परत मारला."

"आणि कपाटाखाली पुठ्ठ्याच्या घड्या?"

"मी घातल्यात," मुलगी म्हणाली. "दार आपोआप उघडायचं. पलंगाच्या पायांखाली पण आहेत. बाबांना झोपेत घरंगळल्यासारखं व्हायचं."

"अगं, मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही रंधा मारलात ते तरी मला कुठे सांगितलंत? आणि भिंतीखालची फट बुजवलीत ती?"

"फट केवढी ती. पांढरं सिमेंट भरलं, झालं."

मग कंडक्टर पुटपुटले, "माझा पाण्याचा पेला टेबलावरून सरकायचा. मी खाली ओला रुमाल घालतो. म्हटलं, हिला कशाला आणखी एक काम."

मित्रांनो, या घरात कोणी दुष्ट नव्हतं, हे लक्षात ठेवा. तिघांनीही त्या खोलीला आपापल्या परीने टेकू दिला होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपली गोष्ट किरकोळ आहे. मुलीने तर वडील घसरू नयेत म्हणून स्वतः निवडून जाड गालिचा आणला होता, आणि त्याखाली फरशी कशी आहे हे त्यानंतर कोणी पाहिलं नव्हतं.

बाईंनी गालिचा गुंडाळायला लावला. मग त्यांचा हात माझ्या कप्प्यात आला. किती दिवसांनी! त्यांनी मला पदराला पुसलं आणि मुलीच्या हातात दिलं. "बाबांनी ठेवली तर म्हणाल हात थरथरला. मी ठेवली तर माझी युक्ती म्हणाल. तुम्ही ठेवा."

मुलीने मला फरशीवर टेकवलं, पण हात लगेच काढला नाही. इतकी वर्षं माझ्याभोवती उभी राहिलेली सगळी माणसं मनातल्या मनात एकच म्हणत आली, थांब गं बाई, थांब. विकणारा म्हणे, घेणारा म्हणे. मी धावावी असं वाटणारा माणूस मला या खोलीत पहिल्यांदा भेटला. आणि तो माझ्याकडे बघतही नव्हता, भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी थांबले असते तर तो माणूस डोकं फिरलेला म्हणून ती बॅग उचलून निघून गेला असता, आणि जन्मभर त्याला कोणी खरं मानलं नसतं.

मुलीने हात काढला.

मी थांबले. काय सांगू तुम्हाला, फरशीला एक बारीक खळगा होता आणि मी नेमकी त्यात अडकले. "बघा," जावई म्हणाला. मुलीने सुटकेचा श्वास टाकला. माझ्या आयुष्यात मी कधी एवढी तगमगले नव्हते. हात नाहीत, पाय नाहीत, गोल अंग तेवढं आहे, आणि तेच ऐन वेळी कामाला येत नव्हतं.

"चला, झालं," असं म्हणत कंडक्टर उठले. त्यांचं पाऊल फरशीवर पडलं आणि फरशी हलली. मी खळग्यातून सुटले आणि निघाले. आधी हळू, मग जोरात, त्यांच्या चपलांजवळून पलंगाखाली गेले, तिथून अंधाऱ्या कोपऱ्याकडे. तिथली फरशी खाली बसली होती, भरलेलं सिमेंट निखळलं होतं. मी त्या भगदाडात पडले. वर सगळे वाट बघत राहिले, गोटी भिंतीला लागल्याचा आवाज आलाच नाही. बऱ्याच खालून डुबुक असा आवाज आला.

तो आवाज माझाच होता. मी पाण्यात पडले होते.

खाली काय होतं ते मी पाहिलं. भिंतीपलीकडच्या बाथरूमचा पाइप फुटला होता, आणि कोण जाणे कधीपासून त्याचं पाणी जमिनीखालची माती घेऊन जात होतं. पलंगाचा एक पाय ज्या फरशीवर होता, तिच्याखाली काहीच उरलं नव्हतं. शेजारच्या फरशांच्या आधाराने ती कशीबशी टिकून होती, आणि तिच्यावर एक म्हातारा माणूस रोज झोपत होता.

वरून बाईंचा आवाज आला, अगदी शांत. "बाबा, सावकाश माझ्याकडे या. पलंगाला हात लावू नका. तुम्ही दोघंही बाहेर चला." पावलं माझ्या डोक्यावरून गेली, भुरुभुरु माती पडली, आणि दार ओढून घेतल्याचं ऐकू आलं.

त्यानंतर मी पुष्कळ दिवस तिथेच होते. पाणी ठिबकायचं, माती ढासळायची, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. वर काय चाललंय ते आवाजावरून ओळखायचं. बाहेरच्या खोलीत खाट सरकवली गेली. मुलगी बराच वेळ काहीतरी बोलत होती, मग तिचं बोलणं थांबलं. मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. तो आवाज मी बरोबर ओळखते, माझं आयुष्य बॅगेत गेलं आहे. कपडे परत कपाटात ठेवले जात होते.

मग गवंडी आले. फरशा उखडल्या, पाइप बदलला, खड्डा भरून धुमसाने ठोकून ठोकून घट्ट केला. त्याआधी एका गवंड्याच्या बोटांना मी लागले. माझ्या अंगावर एक चरा आला आहे, पण मी अजून सरळ जाते. बाई काम बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला उचललं, थोडा वेळ हातात फिरवलं आणि कंडक्टरांना दिलं. "तुमच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या. 'माझ्याकडे आता यंत्र आहे,' असं काही म्हणाल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

आता मी त्याच खोलीत राहते. फरशी नवी आहे, दार अडकत नाही, पेला जागचा हलत नाही. तुम्हाला वाटेल, आता सगळे सुखात असतील. तसं नाही. कंडक्टर रोज सकाळी उठले की मला फरशीवर ठेवतात आणि एक हात भिंतीला लावून बघत उभे राहतात. मी थांबते. ते मला उचलतात, दुसऱ्या जागी ठेवतात. तिथेही मी थांबते. ते पुन्हा उचलतात.

एकदा मुलीने हे दारातून पाहिलं. "बाबा, नाही हलत ती. सरळ झालीये जमीन."

"दिसतंय गं मला," ते म्हणाले. "पण मला दिसतं ते खरं असतं का, हेच आता कळत नाही. बॅग भरायला काय तू सांगितलीस? मीच सांगितली. मलाच वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी बिघडलंय."

मुलगी आत आली, त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "थांबलीये, बाबा. मी पण बघितलं." तेव्हा कुठे त्यांनी भिंतीवरचा हात काढला.

तेव्हापासून ती रोज येते. एखाद्या सकाळी तिला उशीर होतो. त्या दिवशी मी फरशीवर स्थिर असते, ते भिंतीला धरून उभे असतात, आणि ती येईपर्यंत आम्हा दोघांनाही चैन पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घराची काळजी घ्या. नळ गळायला लागला की त्याच दिवशी सांगा, तडा दिसला की त्यावर कॅलेंडर लावू नका, आणि कशाखाली पुठ्ठा घातलात तर तो का घातला ते घरात सगळ्यांना कळू द्या. आणि माझं एवढं ऐका. घरातलं कोणी म्हणालं, की जमीन कलते आहे, तर त्यांना आधी डॉक्टरकडे नेऊ नका. आधी खाली वाका. नीट बघा. आणि जे दिसेल ते त्यांना मोठ्याने सांगा, कारण ते कधीपासून तेवढंच ऐकायला थांबलेले असतात.