सत्ताविसावा भाग

"लेखकानं फसवलं आपल्याला, सरळ सरळ फसवलं," रावसाहेब म्हणाले आणि उसळीचा वाडगा पुढ्यातून बाजूला सारला. "पहिल्या भागात राजा मेला. चितेवर ठेवला. साऱ्या देशादेखत अग्नी दिला. अन् सत्ताविसाव्या भागात हाच राजा मुखवटा घालून हजर! मग चितेवर जळालं कोण?"

"ते फुडच्या रविवारी कळंल की," दत्तू फिटर म्हणाला. "सगळं कालच सांगितलं असतं तर पुढं कोन बघनार?"

"लेखकाला तरी ठाऊक आहे का ते? मला नाही वाटत. शनिवारी सुचेल ते रविवारी दाखवतात."

"मग बगू नका."

"का बघू नको? टीव्ही माझा आहे."

टेबलावर हशा झाला. डिसेंबर १९८८ मधला सोमवार होता. तुर्भ्याच्या एका रसायन कारखान्यात पहिल्या पाळीची जेवणाची सुट्टी अकरा ते साडेअकरा असे, आणि सोमवारी त्या अर्ध्या तासात 'सात पर्वत'खेरीज दुसरा विषय नसे. दर रविवारी सकाळी दहा वाजता लागणाऱ्या या हिंदी मालिकेत राक्षस, उडते घोडे आणि बोलणारे दगड होते. आणि एक मुखवटेवाला होता. सव्वीस भाग तो राजवाड्यात वावरला, पण एक शब्द बोलला नव्हता. काल तो बोलला. मुखवटा न काढता चार वाक्यं बोलला, आणि घरोघरी लहान पोरांनीसुद्धा आवाज ओळखला. तो मेलेल्या राजाचा आवाज होता. ऐकताच राणी जागच्या जागी कोसळली.

रावसाहेब स्टोअरमध्ये कारकून होते, मूळचे बीडकडचे. मालिकेतल्या चुकांबद्दल त्यांनी दिल्लीला तीन पत्रं पाठवली होती. उत्तर एकाचंही आलं नव्हतं, त्यामुळे चौथं ते जास्त सविस्तर लिहीत होते.

तेवढ्यात पंढरी आला. अमोनियाच्या कंप्रेसरवरचा ऑपरेटर. वय एक्कावन्न, नोकरी एकोणीस वर्षं. राहायला सानपाडा गावात. या कारखान्याच्या कूलिंग टॉवरखालची जमीन पूर्वी त्याच्या बापाची भातशेती होती. जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती ही. त्यानं डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील. बसता बसताच, कोणी काही विचारायच्या आत, तो नेहमीप्रमाणे मोठ्यानं सुरू झाला.

"कालचा भाग म्हंजे निस्ता पानी! अर्धा तास उभं केलं लोकांना दिवानखान्यान. काय घडलाच नाय."

सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"काय घडलं नाही?" रावसाहेबांनी विचारलं.

"काय नाय. तो मुखवट्याचा उभा, रानी उभी. मंग रानी पडली. घाबरून पडली, बस. याला काय लिवना म्हनतात का?"

दत्तू हसला. त्याला वाटलं, पंढरीदादा मुद्दाम खोड काढतायत. रावसाहेबांना मात्र वादात थट्टा चालत नसे.

"घाबरून? पंढरी, तो बोलला तेव्हा तू कुठे होतास?"

पंढरीनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. "होतो की. घरान. टीव्हीम्होरं."

"मग आवाज कोणाचा होता?"

"कोनाचा म्हंजे? त्याचाच."

पंढरीचा डावा कान चार वर्षांपूर्वी गेला होता आणि उजवा गेल्या पावसाळ्यापासून जवळजवळ बंद होता. कंप्रेसर हाऊसमध्ये तीन यंत्रं आठ तास चालत. ऑपरेटर कानात कापूस घालत, तोही घरून आणत. कानात घालायचे बूच कंपनीत आले तेव्हा पंढरीच्या नोकरीचं सोळावं वर्ष होतं. ऐकू येत नाही हे बायकोला, गोजराला, माहीत होतं. कारखान्यात कोणाला माहीत नव्हतं, आणि माहीत होऊन चालणार नव्हतं. पाळीला एकच ऑपरेटर असे, जेवणाच्या सुट्टीपुरता तेवढा बदली माणूस येई. वायू गळला की सायरन वाजे, आणि तो ऐकून मुख्य व्हॉल्व बंद करायचं काम त्या एका माणसाचं होतं. बहिऱ्या माणसाला तिथे कोणी तासभरही ठेवलं नसतं.

म्हणून त्यानं एक पद्धत बसवली होती. सगळ्यांच्या आधी बोलायचं, मोठ्यानं बोलायचं, आणि थांबायचं नाही. समोरचे चिडून तोंडासमोर येऊन बोलत, मग ओठ वाचता येत. सोमवारचा वाद त्याला सोयीचा होता, कारण विषय आधीपासून ठरलेला असे. बाकीची तयारी गोजरा करून देई. रविवारी भाग संपला की ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि तोंड नीट उघडून सगळी गोष्ट सांगायची. तिचं हिंदी वाशीच्या बाजारात भाजी विकताना जमलेलं, राजवाड्यातलं सगळं तिला कळत नसे. जिथे कळत नसे तिथे ती स्वतःचं घाली. तेच सोमवारी पंढरी सांगे, आणि रावसाहेब कधी कधी विचारात पडत. "राणीला सेनापतीबद्दल आधीपासून संशय होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं," असं एकदा त्यांनी कबूल केलं होतं. दिल्लीच्या दुसऱ्या पत्रात तो मुद्दा होता.

या रविवारी गोजरा कामोठ्याला गेली होती. बहिणीच्या मुलीची हळद होती. पंढरीनं भाग एकट्यानं पाहिला. दिवाणखाना, मुखवटा, कोसळणारी राणी. काही घडलंच नाही असं म्हणणं त्याला सगळ्यात सुरक्षित वाटलं.

"पंढरीदादा आज लई पेटलेत," दत्तू म्हणाला. त्यानं डोळा मारला, उठला आणि पंढरीच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. पाण्याचा रिकामा स्टीलचा तांब्या तोंडासमोर धरून त्यानं घुमणारा आवाज काढला.

"महारानी! हम लौट आए हैं!"

हुबेहूब जमलं. अख्खं कँटीन हसलं. पलीकडच्या टेबलावरचे लोकही मान वळवून हसले. पंढरी भाकरीचा तुकडा मोडत होता. त्यानं वर पाहिलं, सगळे हसत होते, म्हणून तोही हसला. एक क्षण उशिरा, आणि सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत.

"महारानी!" दत्तूनं पुन्हा, जास्त मोठ्यानं म्हटलं.

पंढरी रावसाहेबांकडे बघून म्हणाला, "हसताव काय? खरा तं बोलतंय मी."

हसणं एकेका माणसापाशी थांबत गेलं. दत्तूनं तांब्या खाली घेतला. "पंढरीदादा?" तो साध्या आवाजात म्हणाला. मग आणखी हळू, "दादा, मी तुमच्या मागं हाय."

पंढरीनं बोंबलाचा काटा काढून डब्याच्या झाकणावर ठेवला.

"त्याच्याकडे काल लाइट गेली होती," रावसाहेब एकदम म्हणाले. ते कोणाला उद्देशून म्हणाले हे स्पष्ट नव्हतं. पण कोपऱ्यातल्या साहेब लोकांच्या टेबलावर शिफ्ट इन्चार्ज टिपणीस बसले होते. 'सात पर्वत' तेही बघत, म्हणून आवाज ऐकून त्यांनी मान वळवली होती. त्यांचा चमचा ताटात तसाच होता.

दुपारी दीड वाजता टिपणिसांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि समोरासमोर बसवलं.

"किती वर्षं झाली?"

"कसला किती वर्षां?"

"पंढरी."

त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मशीन मना हातानं कलतं, साहेब. हात ठेवला का कोनचा व्हॉल मारतंय तो सांगीन. चार वर्षांन एक तरी ब्रेकडाउन माज्या पालीला झाला का? वही बगा."

"वही बघितली. झाला नाही. सायरन कसा कळतो?"

"मानसा पलाली का कलतं."

"कंप्रेसर हाऊसमध्ये पाळीला एकच माणूस असतो."

टिपणीस चष्मा पुसत म्हणाले, "मी त्या वेळी कँटीनमध्ये नसतो तर बरं झालं असतं. पण होतो." चष्मा पुसताना त्यांनी मान खाली घातली होती, त्यामुळे हे पंढरीला कळलं नाही. त्यांनी वैद्यकीय तपासणीचा फॉर्म पुढे केला तो मात्र कळला.

त्या संध्याकाळी गोजरा त्याच्यासमोर मांडी घालून बसली. त्यानं सगळं सांगितलं.

"मी गेली नसती तं," ती म्हणाली.

"भाचीची हलद. जावाच लागतं."

"मी इचारून ठेवलंय काल काय झाला ते. नलावं बाया बोलत होत्या."

"आता ऐकून काय कराचा हाय?"

तरी तिनं सांगितलं. मुखवटेवाला राजाच होता. जिवंत होता.

"मंग रानी पडली कनाला?"

"आनंदानं."

"मना वाटला घाबरली," पंढरी म्हणाला.

तपासणी दुसऱ्या आठवड्यात झाली. डॉक्टरांनी कानामागे नादकाटा वाजवून धरला, पेटीसारख्या बंद खोलीत बसवून आवाज दिले, आणि ऐकू आला की हात वर करायला सांगितलं. पंढरीनं अंदाजानं दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा आवाज दिलेला नव्हता. अहवाल मुख्य कचेरीत गेला. तिथून निर्णय येईपर्यंत त्याला यार्डात गवत काढायला आणि पिंपं मोजायला लावलं. निर्णय काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तारीख ठाऊक नव्हती. कंप्रेसरवर औरंगाबादकडचा एक नवा मुलगा आला. पहिल्याच आठवड्यात दोन नंबरचं यंत्र दोनदा बंद पडलं. पंढरी यार्डातून ते बघत होता. धुराड्याशेजारचा पाइप थरथरायचा थांबला की त्याला समजत होतं. विचारायला कोणी आलं नाही.

कँटीनमध्ये लोक मात्र चांगले वागले, हे नोंदवलं पाहिजे. त्याला टेबलाच्या टोकाची खुर्ची दिली, म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसावीत. दत्तू त्याच्यासाठी चहा स्वतः आणून ठेवायचा आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. रावसाहेबांनी रविवारच्या भागाची गोष्ट माल मागवायच्या इंडेंट फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर लिहून आणायला सुरुवात केली. दहा-बारा ओळी, वळणदार अक्षर. त्यात घडलेलं तेवढं असे. मत एकही नसे.

एकतिसाव्या भागाच्या दुसऱ्या दिवशी पंढरीनं तो कागद शेवटपर्यंत वाचला. चौथीपर्यंतचं वाचन, वेळ लागला. चितेवर कोण जळालं हे अजून उघड झालं नव्हतं. राणीचा भाऊ सैन्य घेऊन वेशीपाशी आला, असं शेवटच्या ओळीत होतं. पंढरीनं कागद घडी करून खिशात ठेवला, आणि पूर्वीसारखा मोठ्यानं म्हणाला,

"चितंवं जलला तो रानीचा भाव. मी पयल्याच भागान वलखलेला."

ज्या माणसानं काल वेशीपाशी सैन्य आणलं तो तीस आठवड्यांपूर्वी जळाला, असं तो म्हणत होता. एवढ्या मूर्खपणाच्या विधानावर रावसाहेबांनी पूर्वी त्याची अर्धा तास सालटी काढली असती. पंढरी घास हातात धरून थांबला.

दत्तूनं होकारार्थी मान हलवली. त्याच्या शेजारच्यानं हलवली.

"रानीचा भाव!" पंढरी आणखी मोठ्यानं म्हणाला. "काय रावसाहेब? पटतंय का?"

रावसाहेब त्याच्याकडे वळले. सेनापतीचा तो एक मुद्दा सोडला तर एकोणीस वर्षांत ते त्याच्याशी कधीच सहमत झाले नव्हते. त्यांनी ओठ मोठे करून, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं म्हटलं, "बरो-बर." आणि आपल्या ताटातली जिलबी उचलून त्याच्या डब्याच्या झाकणात ठेवली.

मग ते पाठ फिरवून दत्तूकडे वळले. पंढरीला त्यांची फक्त पाठ दिसत होती. उजवा हात टेबलावर आपटत होता, मान तावातावानं हलत होती, आणि समोर दत्तू लाल होऊन काहीतरी उलट बोलत होता.