सालामांकाहून भरून आलेला डबा

मी साधनाबाईंच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा बोलतो आहे, आणि आधीच स्पष्ट करतो: मी स्पेन पाहिलेला नाही. सालामांका शहरात सहा आठवडे होतो, पण कोन्सुएलो नावाच्या एका वृद्ध बाईंच्या ओट्यावर. तिथले चौक, पूल, चर्च यांविषयी मला काहीही ठाऊक नाही. त्या बाईंचं बोलणंही मला कळलं ते साधनाबाईंची लेक मुग्धा रोज फोनवर आईला सांगायची म्हणून.

शारजात, अल मजाज भागातल्या या घरात मी दहा वर्षं रवा सांभाळला. गेल्या उन्हाळ्यात मुग्धा स्पॅनिश शिकायला निघाली, तेव्हा माझ्यात बेसनाचे लाडू भरले गेले.

"ॲपवर सगळं फुकट मिळतं," तिचे वडील चारुदत्त म्हणाले. "त्यासाठी परक्यांच्या घरी राहायचं?"

"ॲप माझ्याशी आर्ग्यू करत नाही, बाबा."

लाडू संपले. कोन्सुएलोबाईंनी मला लख्ख घासून मुग्धाच्या हातात ठेवलं. रिकामा! मुग्धा क्रियापदं चाचपडत म्हणाली, "आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत." आणि लगेच तिचे कान लाल झाले. ही रीत पाळायची असते, समोरच्याला ऐकवायची नसते. पण ते तिचं पहिलं सलग स्पॅनिश वाक्य होतं.

बाई खळखळून हसल्या. "ये इकडे. रोज आपण दोघी भरू. पण काय केलं, कसं केलं, ते तू सांगायचं."

मग रोज बटाट्याचं ऑम्लेट, छोले, मिठावरून वाद. चौथ्या आठवड्यात मुग्धाने काहीतरी म्हटलं आणि बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. जीभ तीच, मुलगी तीच. परक्या माणसाला त्याच्याच भाषेत हसवण्याची ही ताकद तिच्यात कुठून आली? मला आजही उकललेलं नाही.

परतताना मी बदामाच्या मिठाईने भरलेला होतो. "माणसं आपल्यासारखीच गं!" साधनाबाई म्हणाल्या. चारुदत्तांनी मात्र एकच तुकडा खाल्ला. कारण मुग्धाला आता दुबईतली इंजिनियरिंगची सीट सोडून सालामांकातच पदवी करायची होती, आणि अर्जावर त्यांची सही हवी होती.

"इंजिनियरिंग सोडून भाषा? खलास, विषय संपला."

काल संध्याकाळी मुग्धाच्या फोनवर कोन्सुएलोबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ऑम्लेटमध्ये कांदा घालावा की नाही, यावर दोघी तावातावाने भांडू लागल्या. शेजारी काम करत बसलेल्या चारुदत्तांनी आपला लॅपटॉप मिटला.

"काय म्हणतायत त्या?"

"मी हट्टी आहे म्हणतायत."

"त्यासाठी स्पेनला कशाला जायला हवं होतं? मीच सांगितलं असतं."

पण ते उठले नाहीत. एकही शब्द कळत नसताना वीस मिनिटं लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू ती नुकतीच बोलायला लागली होती.

आज सकाळी घर झोपेत असताना ते माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसले. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ काहीच नाही. मग अर्ज पालथा घालून, एसीच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी वर मला ठेवलं आणि ते ऑफिसला गेले.

मुग्धा, ऊठ, मला बाजूला कर. अर्जाची मुदत आज संपते आहे, आणि पालथ्या कागदावर सही आहे की नाही, हे त्यांच्याशिवाय अजून कोणालाच माहीत नाही.