फाटकाच्या किल्लीवर शांतपणे झालेली चर्चा

सर्वपित्री अमावास्येला सकाळी नऊ वाजता नवशाने लांबूनच पाहिलं, तर उघाडीची झडप निखळून चिखलात पडलेली. उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. अमावास्येचं उधाण एकच्या सुमारास भरणार, हे अंजूरच्या खाडीकाठी शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आत नवशाचं दीड एकर भात निसवलेलं. खारं पाणी एकदा शिरलं, की हे भात गेलं आणि पुढची तीन वर्षं ती जमीन धड गवतही देणार नाही.

फळ्या होत्या, मातीच्या गोणी होत्या, नवशा होता, त्याची बायको गुणाबाई होती. उघाडीकडे जायची वाट तेवढी नव्हती. ती मोठ्या भावाच्या, बाळारामच्या शेतातून जायची. त्या शेतात आता भराव होता, पत्र्याचं कुंपण होतं आणि फाटकाला कुलूप होतं. जागा गोडाऊनवाल्या पार्टीला द्यायची होती. वकिलाने बाळारामला बजावलं होतं, कागद होईपर्यंत कुणाला आत पाऊल टाकू देऊ नका, उद्या वहिवाट सांगतील.

शिमग्याला नवशा ते कुंपण चढून गेला होता. त्यावर जी चर्चा झाली तिच्यात त्याच्या डोक्याला सहा टाके पडले आणि बाळारामचा पुढचा दात गेला. पोलिसांनी दोघांकडून लिहून घेतलं की पुन्हा असं होणार नाही. पुढे पाड्यात तंटामुक्तीची समिती झाली, तेव्हा लोकांनी बाळारामलाच अध्यक्ष केलं. तंट्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्यात आज बापाचं पान. बापाची बहीण आक्का ऐंशीच्या पुढची. ती बाळारामच्या ओटीवर सकाळपासून बसून होती. नवशा धावत आला, पण तिला पाहून पायरी चालत चढला.

"आज भाऊ जेवाला येल," आक्का म्हणाली. "ज्याचा आवाज चढंल, त्यानं त्याला उपाशी धाडला, आसा मी समजन."

"दादूस, फाटकाची किल्ली दे," नवशा म्हणाला. "झडप गेली उघाडीची."

"ये, बस. आधी पानी पी." बाळारामने स्वतः तांब्या आणला. "आता शांतपने सांग. समोरच्याचं पुरं ऐकून घ्यायचं, आसा आमच्या समितीचा नियम हाय."

नवशाने शांतपणे सांगितलं. बाळारामने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. "तुझा म्हननं बरोबर हाय," तो म्हणाला.

नवशाने हात पुढे केला.

"आता माझा ऐक."

बाळारामचं म्हणणं वाटणीच्या सालापासून सुरू झालं. बांध कुणी घातला, आंबा कुणाकडे गेला, वकील काय बोलला. नवशाची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. ते गोडाऊनवाल्यानेच दिलेलं होतं आणि उत्तम चालत होतं. सव्वाअकरा.

"मी वहिवाट सांगनार न्हाय," नवशा म्हणाला. "लिहून देतो."

"ह्याला म्हनतात समजूतदारी. मजकूर तेवढा वकिलाला विचारू." बाळारामने फोन लावला. वकील उचलेना. त्याच्याकडेही पितर होते. "थांबू जरा. घाईत लिहिलेला कागद टिकत न्हाय."

बाराला बाळारामच्या बायकोने, पुतळाबाईने, कौलांवर पान ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. कावळा येईना. नाक्यावरच्या गोडाऊनांत धान्य आल्यापासून पाड्यातले कावळे तिकडेच राहायला गेले होते.

गुणाबाई दारात आली. गुडघ्यापर्यंत चिखल. ती आत आली नाही, नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "पानी बांधावरच्या खुनंला लागलं."

नवशाचा आवाज गळ्यापर्यंत आला. आक्काने मान वळवली. त्याने तो गिळला. गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पंच्याने पुसलं.

"दादूस, जरा लवकर झाला तं बरा होईल."

"होईल ना. मी न्हाय म्हनलोय का? पन बापाच्या दिवशी तुला उपाशी कसा धाडू?"

साडेबाराला एक म्हातारा कावळा आला. पंगत बसली. नवशाने घास तोंडात घातला. तो तोंडातच इकडून तिकडे फिरत राहिला.

"आमटीत मीठ बरोबर हाय ना?" बाळारामने विचारलं.

"बरोबर हाय."

पावणेदोनला बाळारामने किल्ली दिली. वकिलाचं नंतर बघू, म्हणाला, आपसात एवढा विश्वास पाहिजे. "शिमग्याला आसाच बोलला आसतास, तं माझा दात वाचला आसता."

नवशा पळाला. फाटकाशी गुणाबाई फळी धरून उभी होती. कुलूप उघडलं, दोघं भराव ओलांडून बांधावर पोचली आणि थांबली. फळी लावायला उघाडी कुठे आहे तेच दिसत नव्हतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना एकच पाणी होतं. भाताच्या लोंब्या तेवढ्या वर राहिल्या होत्या, वाऱ्यावर हलत होत्या, जशा काल हलत होत्या.

पान चघळत बाळाराम मागून आला. चघळायचा थांबला.

"एवढा होता, तं सांगायचा ना, नवशा."

"सांगितला."

"न्हाय, म्हंजे... तू एवढा शांत बोलत होतास. मना वाटला, घाईचा नसंल."

नवशा वाकला. पाण्यात बोटं बुडवून त्याने ती भावासमोर धरली.

"बघ. मीठ बरोबर हाय ना?"

बाळारामने मागे वळून पाहिलं. तिथे आक्का नव्हती, समिती नव्हती. त्याने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एक गोण उचलली आणि ती घेऊन तसाच उभा राहिला. कुठे टाकायची, हे विचारायचं त्याला धाडस होईना.

गुणाबाईने मात्र कुणाला काही लिहून दिलेलं नव्हतं. तिने फळी टाकली, बांधावर बसून जो आवाज काढला, तो पाड्यात ओटीवर बसलेल्या आक्कापर्यंत गेला. पण तोवर तिचा भाऊ जेवून गेला होता.